वाकड्या पायाची खुर्ची

चर्चच्या तळघरात घडीच्या बेचाळीस खुर्च्या आहेत.
एकीचा पाय वाकडा.
कुणा मुलाच्या वाट्याला येऊ नये म्हणून
पहिल्या वर्षी मी ती बॉयलरमागे लपवत असे.

तेवीस वर्षांची होते.
बिशपांच्या कचेरीतून एक खोका आला होता :
मेणबत्त्या, खेळांचे पत्ते,
आणि एक पुस्तक, प्रश्न डावीकडे, उत्तरं उजवीकडे.
आठवडाभर कारखान्यात खेकड्यांचे पाय मोडायचे,
शुक्रवारी संध्याकाळी लिंबाने हात घासायचे
(वास जायचा नाही),
आणि त्याच हातांनी मुलांना देव वाटायचा,
सगळ्यांना सारखा, बिस्किटासारखा.

केप ब्रेटनचा हा किनारा. कॉड संपला
तशी माणसं पश्चिमेला गेली, अल्बर्टाला, तेलामागे.
तेओद्यूलचा बापही.
तेओद्यूल सोळाचा, टोपी पार डोळ्यांपर्यंत.
म्हणाला, "देव सगळीकडे असतो ना?
मग तो इथे असताना बाबाला तिकडे का जावं लागतं?"
मी पान उलटलं. उजवीकडचं वाचून दाखवलं.
नीट वाचलं, स्वल्पविरामांसकट.
पुढच्या शुक्रवारी तो आला नाही.
त्याच्या पुढच्याही.

फादर अँसेल्मना मी सांगितलं,
मुलगा श्रद्धेपासून दूर चाललाय.
ते कॉफी ढवळत राहिले.
"तो दूर चाललाय, की तूच जागची हलली नाहीस?"
मला राग आला. चार दिवस पुरला.
पाचव्या दिवशी धक्क्यावर गेले.
तो सापळ्यांची जाळी दुरुस्त करत होता.
मला येत नव्हतं, त्याने शिकवलं.
तीन तासांत देवाचा विषय निघाला नाही.
चुकलेली गाठ कापायची नाही, सोडवायची, म्हणाला.
मी दोन कापल्या.
त्याने पाहिलं, बोलला नाही.

त्या नोव्हेंबरात माझी आई गेली.
मी एकही शुक्रवार चुकवला नाही.
कारखान्यातल्या पट्ट्यासारखं तोंड चालू असायचं,
वर काहीच नसायचं.

मग ती रात्र. डोंगरावरून सुएट सुटला,
आमचा आग्नेयेचा वारा, छपरं उचलणारा.
वीज गेली, रस्ता बंद,
तळघरात नऊ मुलं आणि मी.
पुस्तक अंधारात कुठेतरी.
मारी-ओड, सगळ्यांत धाकटी, म्हणाली, "सुरू करा ना."
आणि मी बोलून गेले :
"मला येत नाही. आई गेल्यापासून
प्रार्थना एकदाही केली नाही मी.
नुसती म्हटली."

बॉयलरही बंद होता,
त्यामुळे ती शांतता फारच ऐकू आली.
कुणीतरी नाक ओढलं.
मग दाराजवळून तेओद्यूलचा आवाज
(तो कधी आला होता, मला आजही माहीत नाही) :
"मग आज तुम्ही बसा. आम्ही म्हणतो."
त्यांनी जपमाळ म्हटली,
चुकत, दोन रहस्यं गाळून,
मध्येच फिदीफिदी, कारण ल्यूसिएनचं पोट गुरगुरलं.
मी बसून राहिले.
खुर्ची डुगडुगत होती. म्हणजे तीच ती.

एकोणीस वर्षं झाली.
दरसाल एक फॉर्म येतो : किती तरुण आले, किती टिकले.
मी आकडे भरते. त्यांतले बरेच विमानात बसून गेलेले असतात.
उत्तरं अजून पाठ आहेत मला,
घाई तेवढी उरली नाही.
कुणी काही विचारलं की आधी
त्याच्या बुटांकडे बघते, ओले आहेत का.

तेओद्यूलही अल्बर्टालाच गेला शेवटी.
मिस्साला जातो की नाही, मी विचारत नाही.
शुक्रवारी तिथे दुपारची पाळी असते,
तेव्हा कधी कधी फोनवर त्याचा एका ओळीचा निरोप येतो :
खुर्च्या मांडल्या का?
मी लिहिते, एकेचाळीस मांडल्या.
बेचाळिसावीवर बसलेय.