पाच टक्के रोखून

पर्वरीच्या हमरस्त्याला लागून सहा मजले.
तळाला शोरूम, वर कचेऱ्या,
गच्चीवर उपाहारगृह, जिथून मांडवी दिसेल
असं जाहिरातीत म्हटलंय.
दिसते शेजारच्या इमारतीची टाकी.

मी बिलं करतो.
मोजमापवहीत लांबी, रुंदी, उंची,
वजा खिडक्या, वजा दारं,
आणि शेवटी, दर वेळी, लाल शाईत:
वजा पाच टक्के, रोखून ठेवलेले.
वर्षभरात भिंतीला तडा गेला तर?
म्हणून.

वडील कोरगावचे, शाणू मेस्त.
चिऱ्यामागे ठरलेले पैसे, रोज तिन्हीसांजेला,
हात धुवायच्या आधी.
खाणीवरून चिरा उतरला की हातोडीच्या दांड्यानं टकटक करून
कान लावायचे.
"चिरो उलयता. आयकाक जाय."
न बोलणारा चिरा बाजूला पडायचा, कुंपणासाठी.

या कामावर एकही चिरा नाही.
ठोकळे येतात ट्रकनं, पांढरे, पावासारखे हलके.
बोलत नाहीत. नुसते पाणी पितात.

पूर्वी सिंदगीची माणसं असायची.
घमेली मोजायला निंगव्वा विटेच्या तुकड्यानं
खांबावर रेघा मारायची, खांब गिलाव्याखाली गेला, रेघाही.
तिचे मुलगे आता म्हापशात टेम्पो चालवतात,
आणि नव्यांना म्हणतात,
बाहेरचे.

नवे म्हणजे मालद्याचे. त्यांच्यामागून गंजामचे.
एप्रिलात मतदानाला गेले चाळीस,
जूनमध्ये परतले तेवीस.
उरलेले म्हणे केरळात, तिथं रोजी दोनशे जास्त.
ठेकेदार साळेलकर चहाचा कप बशीवर उलटा ठेवून म्हणाला,
सिमेंट उधारीवर मिळतं रे,
माणूस मिळत नाही.

तोहिदुल चौथ्या मजल्यावर गिलावा करायचा.
त्याच सुमारास फाटकावर यंत्र बसलं,
चेहरा पाहून हजेरी लावणारं.
सकाळी ते त्याला ओळखायचं.
संध्याकाळी नाही.
भुवयांवर, पापण्यांवर, मिशीवर
दिवसभराचा चौथा मजला.
यंत्र म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.
नळावर तोंड धुऊन येईस्तोवर
त्याच्या खोलीवरची गाडी निघून गेलेली असायची.
मी वहीत हातानं लिहायचो: तो. ह. चौथा. पूर्ण दिवस.
मुख्य कचेरीनं विचारलं, यंत्रात अर्धा, वहीत पूर्ण,
हा नक्की कोण?
मी उत्तर दिलं नाही. दोन दिवस कापले गेले.

ऑक्टोबरात तो मोपाकडे गेला, हॉटेलाच्या कामावर.
दोन दिवसांचं काय, म्हणाला.
पुढच्या बिलात, म्हणालो.
मला बिलांची सवय आहे.
त्यानं नंबर दिला. पैसे मंजूर झाले
तोवर नंबर बंद.

वर्ष सरलं. तपासणी.
चौथा मजला अजून रिकामा, काचेवर
भाड्याने देणे आहे, आणि तिसऱ्या दलालाचं नाव.
खिशातलं पाचाचं नाणं काढून
भिंतीवर वाजवत गेलो, वीतभर, वीतभर.
आत पोकळ असलं की आवाज बदलतो.
जिन्याची बाजू. उत्तरेची भिंत.
तुळईखालचा कोपरा, जिथं सगळेच चुकारपणा करतात.
बदलला नाही कुठंच.
मग उगाच, कुणी नव्हतं म्हणून,
कान लावला.

साळेलकरचे पाच टक्के सुटले.
सात लाख चाळीस हजार.
मी सही केली: दोष आढळला नाही.
काय आढळलं, यासाठी रकाना नसतो.

रात्री जेवताना वडिलांना सांगितलं,
एक भिंत उलयता.
त्यांनी घास थांबवला.
"कोणाचो हात?"
मालद्याचो.
"तेका सांगलें?"

मी आमटी वाढून घेतली.
कचेरीतल्या खणात एक पाकीट आहे,
अठराशे रुपये, वर माझ्याच अक्षरात:
तो. ह. चौथा. दोन दिवस.