रेघेवरचा शब्द

पेन ड्राइव्ह धुळ्याहून आला, भाचीच्या चपलांच्या पिशवीतून.
आत नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. डोंगरनद्यांचे नव्हे,
डोक्यातले. शाळांसाठी मोफत.
"मोफत?" बोरसे सरांनी चष्मा पुसला.
"मंग त्यास्ना काय फायदा?"
मी म्हटलं, सर, फळा पुसायचं फडकंही मी घरूनच आणते.

दोन संगणक. एक बँकेनं टाकून दिलेला,
दुसऱ्याचा माउस फक्त उजवीकडे धावतो.
सातवीची एकोणीस मुलं,
आणि खिडकीबाहेर पांझरा,
मार्चमधली, म्हणजे निम्मी वाळूच.

शिकवलं ते एवढंच:
चौकटीत नाव लिहा.
एका चौकटीपासून दुसरीपर्यंत रेघ ओढा.
रेघेवर शब्द लिहा,
नाहीतर ती रेघ नाही, ओरखडा आहे.
शब्द येईपर्यंत यंत्र तिथं चार प्रश्नचिन्हं ठेवतं,
किराणावाला उधारीच्या वहीत खूण ठेवतो तशी.

आधी माझा नकाशा दाखवला.
वर 'जलसिंचन', खाली प्रकार, त्यांच्याखाली उपप्रकार,
सगळे बाण खाली,
जिल्हा परिषदेची परिपत्रकं येतात तसे.

मयूरनं क्रिकेट काढलं.
दोघींनी मिळून पोळा, त्यात बैलापेक्षा गेरू जास्त.
कल्याणी मालचे बराच वेळ नुसती बसली,
माउसवर हात पालथा ठेवून.
मग तिनं फड काढला.

नदी. बंधारा. पाट. चारी. फड.
चौकटींतली नावं भूगोलाच्या पुस्तकातली, वेलांटीसकट शुद्ध.
रेघांवर मात्र तिचं घर बोलत होतं:
नदी — आठे थांबस — बंधारा
पाट — पानी लई जास — चारी
पाटकरी — वाटस — पाणी

माझं बोट सवयीनं खोडायला उठलं.
मीही याच तालुक्यातली. चौथीत "मना" म्हणाले
म्हणून गुरुजींनी बाकावर उभं केलं होतं.
तेव्हापासून "माझा" म्हणते,
झोपेतसुद्धा, नवरा सांगतो.

बोट खाली घेतलं. विचारलं,
"वाटस म्हणजे काय गं? वाटून देतो, की त्याला वाटतं?"
"दोन्ही, मॅडम."

मग शेवटच्या वाफ्यातून तिनं एक बाण उलटा ओढला,
अख्खा पडदा ओलांडून, पार पहिल्या चौकटीपर्यंत.
त्यावर लिहिलं:
उरेल, नदीनं नदीले.

फडाच्या टोकाला सांड असते, जादा पाणी परत नदीत जातं,
हे मला माहीत होतं.
लहानपणी त्याच पाण्यात पाय सोडून
मी पाढे पाठ केलेत.
माझ्या नकाशात ते कुठंच नव्हतं.

तास संपत आला. लाइटनं दोनदा डोळे मिटले.
कोपऱ्यात एक चौकट राहिली होती: जागल्या.
तिचे आजोबा. रानडुकरं, मोकाट ढोरं,
रात्रभर गोफण आणि खोकला.
जागल्या — राखस — ऊस
जागल्या — वयखस — पाणी
आणि तिसरी रेघ, 'जमीन' या चौकटीकडे गेलेली.
तिच्यावर चारही प्रश्नचिन्हं जशीच्या तशी.

"इथं शब्द राहिला, कल्याणी."
"सापडना नही, मॅडम."
मयूर मागून म्हणाला, मग रेघच पुसून टाक ना.
तिनं मान वळवली नाही.
"रेघ शे. शब्द नही शे."

बोरसे सर दारात, हातात कुलूप.
यंत्र विचारत होतं, फाइलचं नाव काय.
तिनं एका बोटानं शोधून शोधून लिहिलं: फड.
थोडं थांबली.
मग त्यापुढे एक आकडा टाकला: १.