राखेचा विमा

रात्री दीडला फोन. इंदिरानगरात कुत्रीसुद्धा झोपलेली.
तिकडे संध्याकाळचे आठ, आणि म्हणे ऊन आहे.
"बाबा, काउंटरवर उभी आहे, मागे रांग लागलीय,
पटकन सांगा, कुठला घेऊ?"

एकतीस वर्षं मी चेपलेल्या गाड्या पाहिल्या.
द्वारकेच्या गॅरेजांत, कसारा घाटातून ओढून आणलेल्या.
पोचा बोटांनी मोजायचो,
रंगाखाली जुनं पुटिंग आहे का ते नखाने वाजवून बघायचो.
आणि मला पटकन सांगता येत नाही
आइसलँडमधल्या एका लाल गाडीबद्दल.

"वाच," म्हटलं, "सावकाश. रांग थांबते."

टक्कर झाली तर नुकसान माफ, ती वाचते.
माफ म्हणजे विमा नव्हे, मृण्मयी.
माफ म्हणजे ते तुला विचारणार नाहीत,
पहिले साडेतीन लाख क्रोना सोडून. ते विचारतील.
"आपले किती?"
दोन लाखांच्या वर.
तो आकडा शून्यावर आणायचा तर रोजचे वेगळे मोज.
समोरच्याचं नुकसान? ते धरलेलंच असतं.
चोरी? "आहे. इथे चोरून नेणार कुठे," ती हसते.
काच? खडीचा निराळा आहे, तो घे.
टायर? नाही. छत? नाही. गाडीचं पोट?
"पोट कशातच नाही, बाबा."
पोट कशातच नसतं.

"आणि हा एक, वाळू आणि राखेचा."

राख म्हटल्यावर दोघंही थांबलो.
मार्गशीर्षात रामकुंडावर कलश तिच्याच हातात होता.
वारा उलटा होता. थोडी बाहीवर आली,
तिने झटकली नव्हती.
मग तीच म्हणाली, "ज्वालामुखीची हो. वाऱ्याने उडते,
रंग खरवडून काढते."
"घे," म्हटलं.

"वाऱ्याने दार उलटं गेलं तर काही देत नाहीत.
आणि नदीत गाडी घातली तर शून्य."

नदी.
पुराच्या साली रामनाथ पगारेची शाळेची व्हॅन
गाडगे महाराज पुलाजवळ उभी होती, पाण्यात खिडकीपर्यंत.
पाणी उतरलं आणि त्याने चावी फिरवली. एवढंच.
इंजिनाने पाणी गिळलं, आतला रॉड वाकला.
"का फिरवली चावी?"
"चालू होते का बघायला, साहेब."
याहून खरं उत्तर मला नोकरीत कुणी दिलं नाही
आणि मी लिहिलं: दावा नामंजूर.
कलम बरोबर होतं. अजून पाठ आहे.
मागच्या काचेवर पोरांनी चिकटवलेली फुलपाखरंही.

"बाबा, आहात ना?"
"आहे. क्रेडिट कार्डावर आधीच काही मिळतंय का पाहिलंस?"
"मिळतं म्हणतात. नक्की माहीत नाही."
"मग नाही असंच धर.
आणि किल्ली घेण्याआधी फोटो काढ. चारी बाजू, छत, टायर,
किलोमीटरचा आकडा. खाली वाकून पोटाचाही.
कुणी हसलं तर हसू दे."

पावणेदोनला एकेक येऊ लागले.
चष्मा फ्रिजवर सापडला.
ड्रायव्हरच्या दारावर, हँडलखाली, बोटभर ओरखडा.
मोठा करून पाहिला तर त्या लाल दारात ती:
केस कापलेले, मला सांगितलं नव्हतं,
आणि अंगात आईचा मेंदी रंगाचा स्वेटर,
कोपराशी उसवलेला.

"ओरखडा आहे," मी लिहिलं. "जुना आहे.
त्यांच्या कागदावर नोंद करून घे. सही घे."
अंगठा आला.

मी तसाच ओट्याला टेकून उभा.
मग आणखी एक ओळ पाठवली:
दार उघडताना आधी वारा बघ,
दोन्ही हातांनी धर.