वाटणी

मोरोक्कोत, अलनिफच्या फाट्यावर
इद्देर सुईने दगड सोलत बसतो.
पन्नास कोटी वर्षांचा किडा
आधी पाठ दाखवतो, मग डोळे.

मुलगा न्यूफाउंडलंडला, मासळीच्या कारखान्यात.
काल त्याचा फोटो आला:
नदीकाठची काळी पाटी, तीत हाच किडा,
त्याच काटेरी बरगड्या.
'बाबा, हा इथे कसा पोचला?'

इद्देर चहात पुदिना चुरडतो.
पोचला कुठला, मोहा?
तो जागचा हललाच नाही.
जमीनच उसवली मधोमध,
वाटणीत तिकडची ओसरी गेली
त्याला पोटात घेऊन.
फटीत समुद्र शिरला,
अजून दरवर्षी बोटभर
रेटतोय.

सुई पुन्हा दगडाला लागते.
बऱ्याच वेळाने विचारतो,
थंडी सोसते का रे तिकडची?