माणशी पाच

आईने खातं उघडलं माझ्या नावाने
तेव्हा मी सैन्यात निघालेलो, डोकं नुकतंच भादरलेलं.
"घराच्या रांगेत उभा राहा," म्हणाली,
"रांग सरकतेच."

आता कानशिलं पांढरी झाली.
बेघर राहिल्याचे गुण मिळतात, वर्षाला दोन,
अवलंबून असलेल्यांचे माणशी पाच.
येरिमने बेरीज फ्रिजवर चिकटवली:
ती स्वतः, पोरगी, आणि माझी आई,
गुन्सानहून आणलेली, बुचॉनच्या चौथ्या मजल्यावर,
लिफ्ट नाही.
दर वळणावर टेकायची, शेजारणींना सांगायची,
"मी म्हणजे पाच गुण,"
आणि तोंडावर हात धरून हसायची.

गेल्या सोडतीत चौसष्ट लागले.
आम्ही त्रेसष्ट.

फेब्रुवारीत आई गेली.
राख ठेवून परतलो त्या रात्री
येरिम खोडरबर घेऊन फ्रिजपाशी उभी,
काळा पोशाख अजून अंगावर.
बराच वेळ.
मग म्हणाली, "उद्या दूध आणायला हवं."

सरकारी संगणकात आम्ही अठ्ठावन्न.
फ्रिजवर अजून त्रेसष्टच.
पोरगी दार ओढते, लोटते,
कागद फडफडतो,
आणि माल्सुन, वय एक्याऐंशी, पाच,
जरा हलते, पुन्हा टेकते.