गेलं तितकं आलं का

बुर्ज हम्मूदमध्ये सरकारी वीज पाहुण्यासारखी येते,
कॉफी उकळेपर्यंतही थांबत नाही.
बाकीचा दिवस गल्लीच्या तोंडाशी धडधडणाऱ्या जनरेटरचा
आणि त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या पेटीतल्या
एकेचाळीस काळ्या खटक्यांचा.
एक खटका, एक घर.

गार्बिस उस्तादांनी पहिल्या दिवशी मला स्क्रू-ड्रायव्हर दिला नाही.
म्हणाले, हात मागे बांध
आणि आधी ऐक, कोण कसा पडतो ते.

जुना फ्यूज एकदाच मरायचा.
केसाएवढी तार, काचेवर काळा डाग, संपलं.
हे नवे मान टाकतात आणि पुन्हा उठवता येतात,
म्हणून लोकांना त्यांची किंमत नाही.

हा एमसीबी, दोन बोटांचा.
पाच म्हणजे पाच अँपिअर, घासाघीस नाही.
पोटात दोन धातूंची पट्टी, एकमेकांना कायमची चिकटलेली.
तापली की एक जास्त पसरतो, दुसरा कमी,
आणि संसार वाकडा होतो. हळूहळू.
तारेला तार भिडली तर मात्र पट्टीला कुणी विचारत नाही,
वेटोळ्यातलं चुंबक पापणी लवायच्या आत लाथ मारतं.

चौथ्या मजल्यावर सिरवार्तबाई इस्त्री लावतात.
पट्टी जरा वेळ सोसते, मग टक्.
बाई चार जिने उतरतात, सपाता फटफटत,
खटका वर करतात, आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणतात,
पाच अँपिअरच्या अंथरुणात पाय दुमडायचे तरी किती?

जनरेटरपाशी एमसीसीबी.
विटेएवढा, एकसंध कवचाचा, पुढे छोटी चकती.
मालक तानियोस रोज येतो,
थोडी वर फिरव, अजून बारा घरं बसतील.
उस्ताद त्याच्याकडे बघतही नाहीत.
चकती फिरते, म्हणतात, केबल जाड होत नाही.

आणि हॉस्पिटलच्या तळघरात
कपाटाएवढा एसीबी.
दांडा सात वेळा ओढून त्याची स्प्रिंग भरावी लागते.
जोडला जातानाच तो तुटण्यापुरता जोर बाजूला काढून ठेवतो.
तुटतो तेव्हा मोकळ्या हवेत,
ज्वाळेचे पत्र्यापत्र्यांत तुकडे करून.
पण आधी थांबतो. मुद्दाम. अर्धा श्वास.
अंगावरून सगळं वाहू देतो,
खालचा लहान पडून भागत असेल तर भागावं म्हणून.
तो घाईने पडला तर एका खोलीच्या चुकीपायी
सगळे मजले काळोखात.

म्हणजे मोठा तो, जो उशिरा पडतो?
मी विचारलं.
उस्ताद चष्मा पुसत राहिले.

शुक्रवारी सिरवार्तबाईंचं वॉशिंग मशीन चावलं.
आम्ही आरसीसीबी घेऊन वर गेलो.

याला ओझं कळत नाही, उस्ताद सांगू लागले,
तारा तापून वितळल्या तरी हा ढिम्म.
याचा एकच हिशेब, जितकं गेलं तितकं आलं का.
तीस मिलिअँपिअर वाटेत हरवले
की हा पुढचं काही ऐकत नाही.
पण दोन्ही तारा एकदम धरू नकोस पोरा,
त्याला वाटेल तू दिवा आहेस.

बाई दारात उभ्या, हाताला साबण.
भिंतीवर तीन फोटो,
माँट्रियल, सिडनी, तिसऱ्याचं गाव मला वाचता आलं नाही.
तीन गेले, बाई म्हणाल्या.
तुझा हा डबा माझ्या घरात एक दिवस तरी टिकेल का रे गार्बिस?

उस्तादांनी शेवटचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला.
याला माणसं मोजता येत नाहीत, म्हणाले.
महिन्यातून एकदा हे बटण दाबा.
पडायला हवा. पडला नाही, तर मला बोलवा.

बाईंनी ओल्या हाताने नको, म्हणून पदराला बोट पुसलं
आणि दाबलं.

पडला.
फ्रिज एकदा थरथरून गप्प झाला.
खटका वर करायला
थोडा वेळ कुणीच पुढे झालं नाही.