चॅनल क्रमांक चार

म्हापशात माझं भाड्याने साउंड द्यायचं दुकान होतं,
हळदणकर इलेक्ट्रॉनिक्स, चणेकारांच्या रांगेमागे.
जत्रा, तियात्र, लग्नं, निवडणुका,
सगळ्यांचे आवाज माझ्या एकाच मिक्सरमधून जायचे.
कुणाला चढवायचं, कुणाला उतरवायचं
ते मी ठरवत नसे. बिल ठरवायचं.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात कळंगुटच्या हॉटेलवाल्याचा निरोप आला:
इंग्लंडचा बँड आहे, 'द वेट पेव्हमेंट्स'.
ओले फुटपाथ! आग्नेल केबलवर लवंडून हसला.
म्हणाला, पात्रांव, आमच्याकडे फुटपाथच नाय,
ओले होतले खंय?

पाच जण. ग्रिम्सबीचे.
बाप मासळीच्या धक्क्यावर पेट्या ओढणारे.
चौऱ्याऐंशी साली त्यांचं एक गाणं,
बसथांब्यावर भिजणाऱ्या मुलीचं,
तिकडच्या यादीत अकराव्या नंबरापर्यंत चढलं.
दहावा आला असता तर टीव्हीवर बोलावणं होतं.
नॉर्मन हे सांगताना दर वेळी
दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवायचा
आणि मग आणखी एक.

मी मिक्सरवर पांढरी पट्टी चिकटवली,
नावं लिहिली देवनागरीत.
क्लाइव्हने आपलं जोडाक्षर निरखून विचारलं,
हा माझा केसांचा कोंबडा का?
नॉर्मन चारवर. बेस गिटार.
त्याच्या डोक्यावर नुसता रफार.
त्याने काही विचारलं नाही.

मग दर हंगामाला येऊ लागले.
चार्टर विमानातून उतरलेली त्यांच्याच वयाची माणसं,
उन्हाने कोळंबीसारखी लाल,
त्या एका गाण्याला उठायची,
बाकीच्या गाण्यांना चिप्स खायची.

पंचाण्णवला ड्रमर आला नाही, विम्याच्या कचेरीत लागला.
माझे चार चॅनल मोकळे.
त्याच्या जागी एक डबा आला, बटण दाबलं की ताल.
डबा कधी चुकला नाही,
कधी घामही पुसला नाही.
पुढे कीबोर्डवाला आणि गिटारवाला
गाणं कुणी रचलं यावरून वकिलांकडे गेले.
मी दोन पट्ट्या सोलल्या.
नखात गोंद राहिला.

शेवटी बँडचं नावच क्लाइव्हच्या वाट्याला गेलं.
चार भाड्याची पोरं घेऊन तो स्पेनच्या किनाऱ्यावर गाऊ लागला,
त्याच नावाने, त्याच कोंबड्याने.
नॉर्मनला मिळाली बेस गिटार
आणि साळगावात एक खोली,
मागच्या दारी विहीर.

आता शुक्रवारच्या बाजारात दिसतो,
बांगड्याचा कल्ला उचलून आत बघतो.
मासेवाली रोझालिना म्हणते, हाका फसोवपाक जायना.
म्हणतो, माझ्या बापाने शिकवलेलं
एवढंच उपयोगी पडलं.

दुकान मी विकलं. मिक्सर भंगारात दिला.
आग्नेलने साळगावातच बार काढला.
परवा तिथे नॉर्मन गिटार घेऊन आला,
स्टुलावर बसला आणि ते गाणं वाजवलं.
फक्त बेस.
धुम्, धुम्, मध्ये एक घसरण, पुन्हा धुम्.

बेस एकटा वाजला की गाणं ओळखू येत नाही.
घर बांधून झाल्यावर पाया कोण बघतं?
कोपऱ्यातली पोरं फोनवर सामना बघत राहिली.
पण मी आठ हंगाम कानाला हेडफोन लावून
चार नंबर एकटा ऐकलेला माणूस.
माझी बोटं टेबलावर आपोआप सरकली:
एक वर, क्लाइव्ह.
सहा जरा खाली, फार ओरडायचा.
ड्रमचे चारही उघडले.
पाऊस आला, थांबा आला, ती मुलगी आली.

मध्ये एक जागा आहे,
तिथे क्लाइव्ह श्वास घ्यायचा.
नॉर्मन तिथे थांबला.
मीही थांबलो.
तेवढ्यात आग्नेलने फडका खांद्यावर टाकून विचारलं,
बिल कोणाच्या नावावर?